माशीच्या पायावर डोळा

१९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत, फळमाश्यांच्या पायांवर आणि पंखांवर डोळे उगवले. चक्क लाल डोळे! ‘आयलेस’ हे एकच जनुक भलत्या जागी चालू केलं होतं. (डोळे घडवणाऱ्याचं नाव ‘बिनडोळ्याचं’ का? तर जनुक बिघडल्यावर काय होतं, त्यावरून बारसं करायची माशीवाल्यांची जुनी खोड.) खरी धमाल पुढे. माशीत उंदराचं तेच जनुक चालवलं, तरी डोळा उगवला. पण माशीचाच, उंदराचा नव्हे!

माणसात हे जनुक ‘पॅक्स-६’ म्हणून ११व्या गुणसूत्रावर बसलंय. त्याचं ४२२ अमिनो आम्लांचं प्रथिन आपलं नि उंदराचं अगदी सारखं. ते स्वतः काही बांधत नाही. डीएनएला धरून इतर जनुकांना कामाला लावतं किंवा थांबवतं. मुकादमच म्हणा ना. मेंदू आणि स्वादुपिंडाच्या घडणीतही त्याचा हात असतो.

आणि मात्रेला भारी काटेकोर! दोनपैकी एक प्रत निकामी झाली, की बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा नीट बनत नाही, कधी जवळपास नसतोच. याला अ‍ॅनिरिडिया म्हणतात. दुसरी प्रत धडधाकट असूनही हे होतं.