‘बघू’ म्हणजे हो की नाही?

बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘तुम्ही आमच्या कोर्सची एन्क्वायरी केली होती ना?’ कुठल्या तरी एज्युकेशन फेअरमध्ये फुकटच्या पेनासाठी नंबर लिहून दिलेला असतो, आणि तेव्हापासून आपण कुणाच्या तरी यादीतली ‘लीड’ झालेलो असतो. गंमत म्हणजे बीबीए, बीएमएस करणाऱ्या अनेकांची पहिली इंटर्नशिप त्याच फोनच्या दुसऱ्या टोकाला असते.

तिथलं सगळ्यात बोअर काम म्हणजे संध्याकाळचा रिपोर्ट. कोणाशी काय बोललो, कोण हॉट, कोण कोल्ड, हे मॅनेजरसाठी एक्सेलमध्ये भरायचं. हे काम आता एआयकडे चाललंय. फॉर्म भरला की माहिती झोहो, हबस्पॉट, सेल्सफोर्ससारख्या सीआरएममध्ये जाते. नोंद पडली की झॅपियर किंवा एन-एट-एनसारखं टूल जागं होतं, कॉलचा मजकूर भाषा मॉडेलकडे पाठवतं आणि सकाळी मॅनेजरच्या मेलमध्ये चार ओळी हजर. कोडिंग जवळपास नाहीच. मॉडेलला विचारायचे प्रश्नही जुनेच, आयबीएममधून आलेला ‘बँट’ फॉर्म्युला: बजेट किती, निर्णय कोणाचा, गरज काय, कधी हवंय?

आता आपल्याकडचा कॉल ऐका. ‘हां हां, चांगलं आहे. बघू, घरी विचारून सांगतो. दिवाळीनंतर करा ना फोन.’ मॉडेल लिहितं, ‘ग्राहक इच्छुक, दिवाळीनंतर फॉलोअप.’ हा नकार आहे, हे आठवडाभर फोन केलेल्या कुठल्याही पोराला कळतं. आपल्याकडे तोंडावर ‘नको’ म्हणत नाहीत, एवढंच. उलट ‘काय हो ही फी, लूट आहे नुसती!’ म्हणून वीस मिनिटं घासाघीस करणाऱ्या काकू बऱ्याचदा पैसे भरतात. समरीत त्या ‘नकारात्मक’. आवाजातला सूर मजकुरात उतरतच नाही. त्यात बजेटचा विषयच निघाला नसेल, तर मॉडेल कधी कधी ठोकून एक आकडाही देतं. मॅनेजर कॉल ऐकत नाही, तो चार ओळी वाचतो, आणि त्यावरून कोणाला कुठल्या लीड्स द्यायच्या ते ठरवतो. टार्गेट मात्र तुमचं असतं!

म्हणून असा सेटअप करायची वेळ आलीच, तर मॉडेलला स्पष्ट सांगा: माहिती नसेल तिथे ‘नोंद नाही’ असंच लिही. प्रत्येक निष्कर्षाखाली ग्राहकाचं मूळ वाक्य जसंच्या तसं मागा, म्हणजे ‘इच्छुक’च्या खाली ‘बघू’ दिसेल आणि मॅनेजर काय ते समजेल. आज किती कॉल झाले, ही बेरीज सीआरएमलाच करू द्या. आणि ग्राहकाचं नाव, मोबाइल नंबर मॉडेलकडे पाठवायची गरजच नसते. लीड क्रमांक पुरतो. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण उद्या त्या यादीत तुमचीच आई असू शकते. शेवटी एक रकाना फोन करणाऱ्याच्या मतासाठी मोकळा ठेवा. एकच ओळ, हाताने लिहिलेली.

सराव करायचाय? एन-एट-एन स्वतःच्या लॅपटॉपवर फुकट चालतं. खऱ्या लोकांचा डेटा मात्र नको. हॉस्टेलच्या दहा मित्रांना ग्राहक बनवा, आणि त्यातल्या निम्म्यांना सांगा की फक्त ‘बघू’ म्हणायचं.