फर्नांडेझ, ठोसर आणि आईचे नाव

जालन्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने परदेशातील विद्यापीठाचा इंग्रजी अर्ज भरावयास घेतला, म्हणजे पहिली अडचण उभी राहते ती त्याच्या स्वतःच्या नावाची. पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव अशी तीन घरे अर्जात आखलेली असतात. आपण मधल्या घरात वडिलांचे नाव घालून मोकळे होतो. वाचणारा इंग्रज मात्र ते वडिलांचे नाव आहे असे समजतच नाही. या मुलाला बारशात दोन नावे ठेवली असावीत, अशी त्याची समजूत होते. याच तीन घरांनी स्पॅनिश लोकांनाही पुष्कळ छळले आहे, म्हणून आज एका स्पॅनिश आडनावापासून आरंभ करतो.

ते आडनाव फर्नांडेझ. यातील शेवटच्या 'एझ'चा अर्थ 'अमक्याचा पुत्र' असा होतो. फर्नांडो हे जुने गॉथ लोकांचे नाव, आणि त्याचा पुत्र तो फर्नांडेझ. स्पेनमध्येच पुढे काही ठिकाणी आरंभीच्या 'फ'चा 'ह' झाला व तोही उच्चारात लोपला. त्यातून निघालेले हर्नांडेझ हे याचेच सख्खे भावंड होय. शेजारच्या पोर्तुगालात शेवटी 'झ'च्या जागी 'स' आला, आणि तेच रूप गोव्यात व वसईत पोचून आपले फर्नांडिस झाले. तेथे पुष्कळ घराण्यांना हे नाव धर्मांतराच्या वेळी मिळाले असल्यामुळे त्यांच्या वंशात कोणी फर्नांडो झालाच पाहिजे असे नाही. इंग्रजीत याहून मौजेचा प्रकार घडला. स्पेनच्या फर्नांडो राजाला इंग्रजांनी फर्डिनंड केले, परंतु आडनाव मात्र जसेच्या तसे राहू दिले. त्यामुळे फर्डिनंड आणि फर्नांडेझ यांचे बापलेकाचे नाते इंग्रजी वाचकाच्या ध्यानातही येत नाही. मूळ लिपीतील 'अ'वरची आघाताची खूणही बहुधा गळून पडते.

आता आपल्याकडे पाहा. समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात, जांब या गावी झाला. त्यांचे पूर्ण नाव नारायण सूर्याजी ठोसर. यातील 'सूर्याजी' हे नाव एका पिढीपुरतेच; पुढच्या पिढीत त्या जागी दुसरे नाव यावयाचे. स्पेनमध्ये हेच बापाचे नाव कधी काळी गोठले व कायमचे आडनाव झाले. ठोसर या आडनावाचीही इंग्रजी अक्षरांत थोडी हानी होतेच. तेथे 'ठ' आणि 'थ' या दोहोंसाठी एकच जोडाक्षर असल्याने अपरिचित वाचक 'थोसर' असे वाचतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

स्पॅनिश माणसाला आडनावे दोन असतात. रूढीप्रमाणे आधी वडिलांचे, मग आईचे. पोर्तुगीज रीत बहुधा याच्या उलट. इंग्रजी सूचीकार शेवटचा शब्द तेच आडनाव असे धरून चालतो, आणि मग स्पॅनिश ग्रंथकार त्याच्या आजोळच्या नावाखाली जाऊन बसतो. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांचे पितृकुल गार्सिया. जग त्यांना लोर्का म्हणूनच ओळखते. चित्रकार पिकासो यांचे वडील रुइझ. पिकासो हे आईचे नाव त्यांनी स्वतः होऊन पुढे ठेवले. आता स्पेनमध्ये कोणते आडनाव आधी लावावे हे आईबापांनी ठरवावे, अशी मोकळीक 1999 च्या कायद्याने दिली आहे.

हा आईच्या नावाचा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावीत, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. काहींना हे परकीय अनुकरण वाटते. त्यांनी भोकरदनला एकदा जाऊन यावे. जालना जिल्ह्यातील हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सातवाहनांच्या काळचे भरभराटीचे नगर. आणि त्या सातवाहनांतील थोर राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत. राज्य बापाकडून येई, तरी नाव मात्र आईचे सांगत.

अर्थात नावाचे चार भाग झाले, तरी इंग्रजी अर्जातील घरे तीनच राहणार. आपल्या पारपत्रावर तर दोनच रकाने असतात, एक आडनावाचा व दुसरा उरलेल्या नावाचा. तेव्हा आईचे व वडिलांचे नाव पारपत्रात मुलाच्या नावापुढे कसे लिहावयाचे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथमच ठरवावे आणि जन्मदाखल्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत तीच अक्षरे, त्याच क्रमाने लिहावीत. एके ठिकाणी 'ठ'साठी एक अक्षर व दुसरीकडे दोन अशी तफावत राहिली, तर पुढे प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते.