कामाचा ताण आणि २३ टक्के: हा आकडा कसा वाचायचा?

‘टेन्शनने बीपी वाढतं, बीपीने हार्ट अटॅक येतो’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यात तपासण्यासारखं काही उरलंय असं वाटत नाही. पण संशोधन करायचं तर पहिलाच प्रश्न अडवतो: ताण मोजायचा कसा? ‘तुम्हाला कामाचा ताण आहे का?’ असं विचारलं तर नाही कोण म्हणणार!

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कामाचा रेटा किती, आणि ते काम कसं करायचं हे ठरवायची मुभा किती. रेटा जास्त आणि मुभा कमी, याला ‘जॉब स्ट्रेन’ म्हणतात. म्हणजे दिवसभर मीटिंगांत अडकलेले साहेब यात बसतीलच असं नाही; पाणी प्यायला उठायचं तरी परवानगी लागते असा कॉल सेंटरवरचा मुलगा मात्र बसेल.

ही व्याख्या वापरून युरोपातल्या १३ अभ्यासांतल्या जवळपास २ लाख लोकांची मूळ माहिती एकत्र केली गेली. निष्कर्ष २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वय आणि लिंग यांचा हिशेब केल्यावर, जॉब स्ट्रेन असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी जास्त निघाला. बातमीत एवढंच येतं. पण असा स्ट्रेन होता सुमारे १५ टक्के लोकांना. त्यामुळे हे नातं खरंच कार्यकारण मानलं, तरी एकूण हृदयविकारातला त्याचा वाटा ३.४ टक्के. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

मला याहून महत्त्वाची वाटते ती त्याच पेपरमधली दुसरी गोष्ट. आधी प्रसिद्ध झालेले अभ्यास वेगळे काढले तर वाढ ४३ टक्के दिसते, अप्रसिद्ध अभ्यासांत फक्त १६ टक्के! नुसते छापील पेपर गोळा करून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं असतं तर उत्तर केवढं फुगलं असतं बघा. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे डोक्यात असू द्या.

आता बीपी. याच गटाच्या पुढच्या विश्लेषणात जॉब स्ट्रेनचा संबंध मधुमेह, धूम्रपान, लठ्ठपणा यांच्याशी दिसला, बीपीशी मात्र स्पष्ट दिसला नाही. मग ती साखळी तुटली का? इतक्यात नको. तपासणीच्या खोलीत पाच मिनिटं शांत बसवून घेतलेलं बीपी आणि कामाच्या जागी असलेलं बीपी एक नव्हे. दंडाला पट्टा बांधून दिवसभर नोंदी घेतलेल्या अभ्यासांत स्ट्रेन असलेल्यांचं बीपी जास्त आढळलंय. काहींचं तर दवाखान्यात नॉर्मल आणि एरवी वाढलेलं असतं. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात.

मात्र प्रपोजलमध्ये हे मशीन लिहिण्याआधी एक दिवस स्वतः बांधून बघा. दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा फुगतो, रात्री झोपमोड होते आणि बरेच लोक तो सरळ काढून ठेवतात. सँपल साइज ठरवताना ही गळती धरावीच लागते.