वैमानिकाचा संगणक-सोबती

लढाऊ विमानांवर माझ्यासारख्या कामगार कार्यकर्त्याने बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण माणूस आणि यंत्र यांत अखेरचा शब्द कोणाचा, हा प्रश्न कारखान्यात आहे तसाच आकाशातही आहे.

हवाई लढाईतील वैमानिकापुढे किती व्यवधाने असतात पाहा. शत्रू कोठे आहे, इंधन किती उरले, कोणते क्षेपणास्त्र शिल्लक आहे, आपल्यावर कोणी नेम धरला आहे काय. आणि हे सारे, कडक वळणात शरीर सात-आठपट जड झालेले असताना! माहितीच्या अभावापेक्षा तिच्या गर्दीनेच तो गोंधळतो.

यावर उपाय शोधण्यासाठी अमेरिकेचे हवाई दल आणि डार्पा ही संरक्षण-संशोधन संस्था यांनी १९८६ साली ‘पायलट्स असोसिएट’, म्हणजे वैमानिकाचा सहकारी, ही योजना हाती घेतली. तीत संगणकाकडे पाच कामे होती. विमानाची प्रकृती पाहणे, भोवतालच्या परिस्थितीचा अदमास घेणे, मोहिमेचा मार्ग आखणे, डावपेच सुचवणे. आणि पाचवे, वैमानिकाच्या कृतीवरून त्याचा बेत ओळखून त्या घडीला लागेल तेवढेच त्याच्यापुढे मांडणे.

मला मोल वाटते ते या योजनेच्या नियमांचे. हुकूम वैमानिकाचा, हा एक. दुसरा असा की, सहकाऱ्याला सांभाळण्याचे कष्ट त्याने वाचवलेल्या कष्टांहून कमी असावेत. आमच्या खात्यात एकदा नवे यंत्र आले, तेव्हा त्याचे इशारे बंद करण्यातच कारागिराचा अर्धा वेळ जाई. हा नियम तेथे कोणाला ठाऊक नव्हता.

मग यंत्राने कधीच आपण होऊन काही करू नये काय? तसेही नाही. एफ-१६ विमानांत २०१४ पासून जमिनीवरची धडक टाळणारी व्यवस्था बसवली गेली. २०१६ साली अ‍ॅरिझोनात सरावात एक शिकाऊ वैमानिक बेशुद्ध झाला, विमान खाली झेपावले, आणि या व्यवस्थेने ते सावरले. तिचा नियमक्रमही ध्यानात ठेवा: अपाय करू नये, वैमानिकाच्या कामात अडथळा आणू नये, आणि मग धडक टाळावी.

२०२० साली डार्पाच्या स्पर्धेत, संगणकावरच्या नकली लढाईत, यंत्राने अनुभवी वैमानिकाला ५-० असे हरवले. यंत्राचा वेग आता सिद्ध झाला आहे. पण चुकीच्या माणसावर अस्त्र सुटले, तर जाब कोणाला विचारायचा? यंत्र चौकशीपुढे उभे राहत नाही. म्हणून जीव वाचवण्यास यंत्राने खुशाल हात घालावा. जीव घेण्याचा निर्णय मात्र जाब देऊ शकणाऱ्या माणसाकडेच राहिला पाहिजे.