शिकलेल्या मुलांसाठी हिशेबाचा जोडधंदा



जोडधंदा म्हटले की आपल्यापुढे दोन म्हशी नाहीतर कोंबड्यांचे खुराडे उभे राहते. पण आता घरोघरी बी. कॉम. झालेली मुले-मुली आहेत. कोणी पतसंस्थेत, कोणी दुकानात हिशेब लिहितात. त्यांना सुट्टीच्या दिवशी वरकमाई करता येईल का, असे ऊस नोंदीच्या वेळी सभासद आम्हांला विचारतात. आमचे शिक्षण शेतीचे. पण ऊस आणि वही यांचा संबंध आम्ही जवळून पाहिला आहे.

एका उपसा पाणीपुरवठा संस्थेची रोजकीर्द दोन वर्षे लिहिलीच नव्हती. पाणीपट्टी कोणाची जमा, कोणाची बाकी, कशाचा कशाला मेळ नाही. बाकीदार म्हणत, आम्ही भरली. भरणारे म्हणत, आता आम्हीच का भरावी? वीजबिल थकले, ऐन एप्रिलात वीज तोडली आणि खोडवे जागेवर वाळले. लागण चुकली नव्हती, खत चुकले नव्हते. वही चुकली होती.

तेव्हा काम भरपूर आहे. ते दोन प्रकारचे.

पहिले, हिशेब लिहिण्याचे. दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था अशा लहान संस्थांना पूर्णवेळ कारकून परवडत नाही. आठवड्यातून एक दिवस बसून रोजकीर्द व खतावणी पुरी करावी, महिन्याला तेरीज काढून बँकेच्या शिलकेशी मेळ घालावा. फी महिनेवारी ठरवून संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घ्यावी. तोंडी बोलीवर काम धरू नये.

दुसरे, लेखापरीक्षणाचे. त्यासाठी शासनाच्या सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. परीक्षा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येते. पेपर सहा असतात. पास झालो की लगेच सही करता येते, असे मात्र नाही. संस्था तपासणीचा अनुभव लागतो, मग शासनमान्य नामिकेत नाव लागते. २०१३ च्या कायदा दुरुस्तीपासून संस्थेची वार्षिक सभाच या नामिकेतून आपला लेखापरीक्षक नेमते. वर्ष ३१ मार्चला संपते व तपासणी चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, व्हावी लागते. गळीत हंगामात गुंतलेल्या मुलांना हा काळ सोयीचा पडतो.

आता काही पथ्ये.

१) ज्याने वही लिहिली त्याने तीच तपासू नये. चेअरमन पाहुण्यातले असतील तर ते काम घेऊच नये. भिडेखातर बाकी लपवली की बुडतात ते सभासद.

२) नोकरीत असाल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. नोकरदार सी. ए. ला अर्धवेळ व्यवसायाचा दाखला मिळू शकतो, पण त्यावर लेखापरीक्षणाची सही करता येत नाही.

३) ही फी म्हणजे शेतीचे उत्पन्न नव्हे. उसाच्या बिलावर आयकर नाही म्हणून फीवरही नाही, असा समज करून घेऊ नका. ती आयकराच्या विवरणात दाखवावी लागते.

सुरुवात कोठून करावी? आम्ही म्हणू, घरातूनच. मुलाने किंवा मुलीने आपल्याच एका प्लॉटचा हिशेब लिहावा. बेणे, नांगरट, खते, पाणीपट्टी, मजुरी एका बाजूस. ऊस बिल, त्यातील कपात व सोसायटीची वसुली दुसऱ्या बाजूस. एकरी खरे किती उरले ते वडिलांपुढे मांडावे. ज्याला हे जमले त्याच्याकडे गाव आपण होऊन वही घेऊन येईल.

आणि सभासदांनीही एवढे करावे. येत्या वार्षिक सभेत उठून विचारावे, की आपल्या पाणीपुरवठा संस्थेची रोजकीर्द कोणत्या तारखेपर्यंत लिहून झाली आहे? उत्तर मिळाले नाही, तर गावातल्या शिकलेल्या मुलाला काम देण्याचा ठराव त्याच सभेत मांडावा.