दोन थेंबांचा हिशेब

पोलिओच्या थेंबांनी पोलिओ होतो का? हा प्रश्न विचारला की आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात. 'छे, अफवा आहे', किंवा 'म्हणून तर आम्ही पाजत नाही'. मी डॉक्टर नाही. अहवाल आणि शोधनिबंध मिळतील तसे वाचत आलो, आणि मला सापडलेलं उत्तर या दोन्हींत बसत नाही. होतो, पण अत्यंत क्वचित.

आधी एक गल्लत दूर करू. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ साली १२ मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, तो हलगर्जीपणा होता. अमेरिकेत १९५५ साली कटर कंपनीच्या इंजेक्शनच्या लशीत विषाणू पुरते मेलेच नव्हते. मुलं पंगू झाली, दहा माणसं दगावली. तो उत्पादनातला दोष. दोन्ही भयंकरच, पण लशीचा अंगभूत दुष्परिणाम म्हणजे हे नव्हे.

अंगभूत दुष्परिणाम आहे तो साबिन यांच्या थेंबांत. त्यातला विषाणू जिवंत, मात्र दुबळा केलेला असतो. तो मुलाच्या आतड्यात वाढतो, काही आठवडे विष्ठेवाटे बाहेर पडतो आणि उघड्या गटारांच्या वस्तीत शेजारच्या मुलांपर्यंतही पोचतो. त्यांनाही फुकटात संरक्षण मिळतं. आपल्यासारख्या देशात थेंब एवढे प्रभावी ठरले ते यामुळेच. पण वाढताना विषाणू बदलतो. साधारण २७ लाख डोसांमागे एखाद्या वेळी त्याचं गेलेलं बळ परत येतं, आणि थेंब घेतलेल्या मुलाचा किंवा त्याच्या सहवासातल्या कुणाचा पाय लुळा पडतो. दुसरा धोका याच्या उलट टोकाचा. जिथे लसीकरण अर्धवट असतं, तिथे हा विषाणू महिनोन्‌महिने एका मुलाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो आणि मूळ रोगाइतकाच घातक होतो. म्हणजे ही साथ पसरते ती लस कमी पडल्यामुळे.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. पोलिओ विषाणूचे तीन प्रकार. त्यातला नैसर्गिक दुसरा प्रकार जगात शेवटचा आढळला तो अलीगढमध्ये, १९९९ साली. थेंबांतून मात्र तो २०१६च्या एप्रिलपर्यंत दिला जात होता. मधल्या सतरा वर्षांत दुसऱ्या प्रकाराने लुळं पडलेलं जवळजवळ प्रत्येक मूल लशीतल्या विषाणूचं बळी होतं. तो आधीच का काढला नाही? काढल्यावर जन्मलेल्या मुलांना त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नसणार, आणि लशीतला विषाणू कुठे दडून राहिला तर साथ येणार, ही भीती होती. ती खोटी नव्हती. २०१६नंतर आफ्रिकेत अशा साथी वाढल्याच. आता सहजासहजी बळ परत न मिळवणारा सुधारित विषाणू त्या थोपवण्यासाठी वापरतात.

भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत हावड्यात सापडला. २०२४ साली मेघालयात एका दोन वर्षांच्या मुलात लशीतून आलेला विषाणू निघाला. पंगू झालेल्या अशा मुलाला 'अपवाद' म्हणून आकडेवारीत टाकणं मला पटत नाही. त्याला शासनाकडून भरपाई हक्कानं मिळायला हवी.

नव्या पालकांसाठी एवढंच : थेंबांबरोबर सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात व नवव्या महिन्यात दंडावर देतात ते इंजेक्शन चुकवू नका. त्यातले विषाणू मेलेले असतात आणि ते तिन्ही प्रकारांच्या लुळेपणापासून वाचवतं.