गोदावरी या नावाची कैफियत

मुलीचे नाव ‘गोदावरी’ ठेवावयाचे आहे असे एखाद्या तरुण दांपत्याने आज घरात बोलून दाखविले, तर वडीलधाऱ्यांपासून समवयस्कांपर्यंत सर्वांचा प्रथम उद्गार बहुधा एकच निघतो, आणि तो म्हणजे हे नाव आजीचे आहे, मुलीचे नव्हे. कोणी म्हणतो, नाव भारदस्त आहे खरे, पण पाळण्यात शोभणार नाही. कोणी म्हणतो, शाळेत मुले तिला ‘गोदी’ म्हणून हाक मारतील आणि मुंबईकराच्या डोळ्यांपुढे जहाजांचा धक्का उभा राहील. आणि ज्या आत्याने बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून ते नाव सांगावयाचे, तीच हळूच ‘गौरी’, ‘गार्गी’ असे पर्याय पुढे सरकवू लागते. या आक्षेपांत तथ्यांश मुळीच नाही असे मी म्हणत नाही. परंतु ज्या नावाला आपण केवळ जुनाट म्हणून बाजूस सारतो, त्याचा पूर्ववृत्तान्त एकवार पाहिला, तर जुने होण्यापूर्वीच ते किती वेळा पुसले गेले होते हे ध्यानात येते, आणि मग त्याविषयीचे आपले मत पालटण्याचा पुष्कळ संभव आहे.

नदीचे नाव मुलीस देणे ही गोष्ट महाराष्ट्रात इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिला धर्मशास्त्राचा विरोध होता हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वधूची निवड करताना नक्षत्र, वृक्ष, पर्वत, पक्षी यांच्याप्रमाणेच नदीचे नाव धारण करणारी कन्याही वर्ज्य सांगितली आहे. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीचे नाव उच्चारास सुलभ, मनोहर, मंगलसूचक आणि दीर्घस्वरान्त असावे असा दंडक आहे. आणि पारस्कर गृह्यसूत्र तर मुलीच्या नावातील अक्षरांची संख्या विषम असावी असे बजावते. गोदावरी या नावात अक्षरे चार, आणि नाव नदीचे. म्हणजे अन्त्य दीर्घ स्वर सोडला तर शास्त्राच्या परीक्षेत ते उतरत नाही. तरीसुद्धा स्नानाच्या वेळी म्हणावयाच्या श्लोकात ज्या सात नद्यांना आवाहन करतात, त्या गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी या सातही आपल्या आज्या-पणज्यांच्या रूपाने मराठी माजघरांतून वावरल्या आहेत, आणि कृष्णा, तापी, भागीरथी, शरयू या आणखी निराळ्या. शास्त्राने नाही म्हटले आणि लोकांनी ठेवले, असे हे नाव आहे.

शास्त्राने जे साधले नाही ते मात्र लग्नानंतरच्या एका लहानशा विधीने साधले. नवी सून घरात आली की लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरावयाचे, वराने सोन्याच्या अंगठीने त्यात तिचे नवे नाव कोरावयाचे आणि ते सर्वांना सांगून साखर वाटावयाची. तांदळावरची ती अक्षरे ताट हलताच मोडत, पण त्यांनी पुसलेले माहेरचे नाव बहुधा परत येत नसे. आपल्या ओळखीच्या चरित्रग्रंथांतच याचे दाखले किती आहेत पाहा. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई या माहेरच्या तापी. कल्याणास 1865 मध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत जाऊन 1886 मध्ये वैद्यकीची पदवी मिळविणाऱ्या डॉक्टर आनंदीबाई जोशी या माहेरच्या यमुना. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई याही कुर्लेकरांच्या घरच्या यमुनाच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या दोघींच्या माहेरच्या नावांत काशीच्या गंगाकाठचा मणिकर्णिका घाट होता. नद्या एकामागून एक लुप्त झाल्या आणि त्यांच्या जागी लक्ष्मी, रमा, सत्यभामा आल्या.

हे असे का व्हावे याचा विचार करता मला जे कारण दिसते ते नावांच्या जोडीत आहे. मराठी स्त्रीचे नाव कधी एकटे उभे राहत नाही. त्यामागे प्रथम पित्याचे आणि नंतर पतीचे नाव येते. ही जोडी शोभावी म्हणून नारायणाच्या घरी लक्ष्मी, रामचंद्राच्या घरी सीता किंवा जानकी, विठ्ठलाच्या घरी रुक्मिणी आणि शंकराच्या घरी पार्वती अशी योजना पुष्कळ ठिकाणी होत असे. नारायण वामन टिळकांच्या घरी मणिकर्णिकेची लक्ष्मी झाली, आणि लोकमान्य टिळकांचे मूळचे नाव केशव हे लक्षात घेतले तर तापीची सत्यभामा का झाली असावी याचाही तर्क करता येतो. प्रत्येक घरी ही जुळणी पुराणांना धरून होत होती असे नाही. महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नीचे नाव रमा होते. तथापि देवीला पती असतो आणि म्हणून तिचे नाव पतीच्या नावाशेजारी ठेवता येते, हा या चालीमागचा भाव स्पष्ट आहे. नदीचा पती कवींच्या मते सागर, आणि सागर हे नाव त्या काळी कोणी पुरुषास ठेवीत नसे. गोदावरीला जोड मिळावी असे एकच पुरुषनाम मला सुचते, ते त्र्यंबक, कारण ब्रह्मगिरीच्या कुशीत त्र्यंबकेश्वराच्या सान्निध्यातच तिचा उगम आहे. एरवी हे नाव ज्या मुलीला मिळाले तिचे स्वतःचेच राहते; दुसऱ्या कोणाच्या नावाची पूर्ती म्हणून ते योजता येत नाही. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि ते पुसले गेले तेही बहुतेक याच गुणापायी.

या बाबतीत एकाच घराण्याच्या दोन पिढ्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. बालपणीच वैधव्य आलेली गोदूबाई जोशी ही पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी. 1893 च्या मार्च महिन्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि ज्या विवाहाने समाजाचा रोष पत्करून एक क्रूर रूढी मोडली, त्याच विवाहात नाव पालटण्याची रूढी मात्र पाळली जाऊन गोदूबाईची आनंदीबाई झाली. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मचरित्र याच नावाने वाचकांस परिचित आहे. त्यांचे पुत्र दिनकर यांच्याशी ज्या मुलीचा पुढे विवाह झाला ती 1905 मध्ये ब्रह्मदेशात जन्मली होती आणि तेथल्या महानदीवरून वडिलांनी तिचे नाव इरावती ठेवले होते. ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे या लग्नानंतरही इरावतीच राहिल्या. सासूची नदी त्या उंबरठ्यावर अडली होती, सुनेची तोच उंबरठा ओलांडून वाहत आत आली. मध्ये अवघी एक पिढी गेली होती.

सरकारी दफ्तरात पाहावे तर तेथे नावांची जोडी लावण्याची भाषा याहून रोखठोक होती. जुन्या खतांत, फेरफाराच्या नोंदींत आणि वारसाच्या तपशिलात पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ किंवा ‘वल्द’ घालून बापाचे नाव येई, आणि स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’, ‘जौजे’ किंवा ‘भ्रतार’ हा शब्द घालून नवऱ्याचे. ‘गोदावरी कोम रामचंद्र’ एवढ्या तीन शब्दांत तिची सारी ओळख पुरी होई. ती कोणाची मुलगी हे त्या कागदावरून कळत नसे, आईचे नाव तर विचारलेही जात नसे. आमच्या घरात तांब्याची एक जुनी घागर आहे. तिच्या गळ्याखाली टोच्याच्या बारीक ठिपक्यांनी ‘गोदावरी’ ही चार अक्षरे सरळ ओळीत घातलेली आहेत, अलीकडचे ‘सौ.’ आणि पलीकडचे पतीच्या नावाचे आद्याक्षर मात्र निराळ्या, जाड टोच्याचे असून ओळीपासून किंचित खाली उतरले आहे. माहेरी मुलीच्या नावाने घेतलेल्या भांड्यावर सासरी ही भर पडलेली असावी. पुढे वैधव्य आले की ‘सौ.’ जाऊन पत्रिकांतून ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी हे उपपद येई, आणि ‘गं. भा. गोदावरीबाई’ असे लिहिताना एकाच ओळीत तीन नद्या एकवटत. ज्या स्त्रीच्या जीवनातून सारे काही ओसरले तिच्या नावाभोवती एवढे पाणी असावे, हे वाचताना आजही मन खिन्न होते. हे नाव वार्धक्याशी जोडले गेले त्याला अशा पत्रिकांनी थोडाफार हातभार लावलाच असणार.

तथापि या नावाची एक बाई अशी होऊन गेली, की तिचे स्मरण करताच वार्धक्याची ती कल्पना मागे पडते. पुण्याच्या गोखले घराण्यात 1907 साली जन्मलेल्या गोदावरीबाई शामराव परुळेकरांशी विवाह झाल्यावरही गोदावरीच राहिल्या, आणि 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील वारली जेव्हा वेठबिगारीविरुद्ध उभे ठाकले तेव्हा ही शहरातली सुशिक्षित स्त्री पाड्यापाड्यांतून पायी हिंडत होती. त्या लढ्याची हकिकत सांगणाऱ्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांना या नावाचे लाडके रूप हलके वाटते त्यांनी सोलापूरजवळच्या कुंभारीस जावे. विडी कामगार स्त्रियांसाठी तेथे उभ्या राहिलेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीला ‘गोदूताई’ हेच नाव आहे.

आता नावांच्या जोडीचा प्रश्न नव्या वळणावर आला आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव दप्तरी लिहिताना प्रथम बालकाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आईकडून ओळख सांगण्याची ही रीत गोदावरीच्याच काठी एके काळी राजमान्य होती. सातवाहन राजे स्वतःस गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत. आणि नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेने नातवाच्या राज्यकाळात आपल्या पुत्राची प्रशस्ती कोरविली आहे. तेथील ‘गौतमी’ हे गोत्रावरून आलेले नाव असले तरी गोदावरीलाही गौतमी म्हणतात, हा योग मला मोठा सुखद वाटतो.

या नव्या क्रमात गोदावरीच्या शेजारी कोणते नाव शोभेल? नाव चार अक्षरांचे, पहिली दोन अक्षरे दीर्घ, मधला ‘व’ ऱ्हस्व आणि शेवटी पुन्हा दीर्घ ईकार, अशी त्याची संथ चाल आहे. म्हणून पाठोपाठ आईचे नाव दोन अक्षरांचे आणि व्यंजनाने आरंभ होणारे असेल तर कानाला विसावा मिळतो. ‘गोदावरी सुधा’, ‘गोदावरी मीरा’ ही जोडी उत्तम; ‘गोदावरी इंदिरा’ म्हणताना दोन स्वर एकमेकांत मिसळून आईच्या नावाचा आरंभ हरवतो; आणि ‘गोदावरी प्रियदर्शिनी’पुढे ‘पुरुषोत्तम’ आला तर वाक्य संपेपर्यंत श्वास पुरत नाही. आईचे नाव कृष्णा असेल तर ती जोडी मला सर्वांत रम्य वाटते, कारण एक त्र्यंबकास आणि दुसरी महाबळेश्वरास उगम पावणाऱ्या या दोन्ही सह्यकन्या पूर्वसमुद्रालाच जाऊन मिळतात. ‘रेवा’, ‘जान्हवी’ यांसारखी नदीनामे आज पुन्हा पाळण्यात आली आहेत, मात्र अक्षरांचा संकोच करून किंवा उच्चाराच्या नाजूकपणामुळे. गोदावरीला तसे आखूड करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरात गोदा, गोदू काहीही म्हणावे. दाखल्यावर चारही अक्षरे असावीत.

घरातील मतभेद तत्काळ मिटला पाहिजे असेही नाही. जन्माची खबर 21 दिवसांत द्यावयाची असली तरी ती नावावाचून देता येते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बालकाचे नाव नंतर दाखल करण्याची सोय ठेवली असून, पहिल्या बारा महिन्यांत त्यासाठी शुल्क पडत नाही. तेवढ्या अवधीत आजीने, आत्याने, आईबापांनी आणि शेजाऱ्यांनी त्या मुलीला रोज गोदावरी म्हणून हाक मारून पाहावी, आईच्या नावासकट ते पाटीवर लिहून पाहावे, आणि मग नोंदणी निबंधकाकडे अर्ज द्यावा.